आरपीएम मीटर बदलण्याआधी

(ऐरोली, खाडीच्या बाजूची एक सोसायटी. पार्किंगमध्ये कार्ब्युरेटरची जुनी मारुती ८००, वरून बसवलेलं आरपीएम मीटर. शेजारचे काका ऑटो इलेक्ट्रिशियन.)

मुलगी : काका, मीटर गेलं वाटतं. काटा सारखा उड्या मारतो. नवं घेऊ?

काका : थांब. काटा उडतो तेव्हा इंजिनाचा आवाज अडखळतो का, ते ऐक.

मुलगी : नाही, एकसारखा आहे.

काका : मग इंजिन ठीक आहे. तेही गचके खात असतं, तर आधी कॉइल बघितली असती. आता मीटरच्या वायरी. त्याला बारा व्होल्ट लागतात, अर्थिंग लागतं आणि कॉइलच्या निगेटिव्हवरून सिग्नल. चालू इंजिनात त्या टोकाला हात लावू नकोस, शेकडो व्होल्टचा झटका बसतो. मल्टिमीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला धर, लाल मीटरच्या अर्थला.

मुलगी : ०.९... आता १.४. आकडा हलतोय.

काका : तिथे जवळजवळ शून्य हवं. डॅशबोर्डखालचा बोल्ट बघ.

मुलगी : अगंबाई, थिंबल हिरवंगार झालंय!

काका : खाडीची हवा, त्यात चार महिने पाऊस. ऐरोलीत मी कुठल्याही गाडीचं अर्थिंग आधी बघतो. पॉलिश पेपरने घास, खालचा पत्रा चकाकला पाहिजे. बोल्ट घट्ट कस, वरून थोडं ग्रीस लाव.

मुलगी : थांबला काटा! पण ६००? आयडलिंग इतकं कमी?

काका : मीटर ठिणग्या मोजतं, फेरे नाही. चार सिलिंडरला एका फेऱ्यात दोन ठिणग्या पडतात, तुझ्या तीन सिलिंडरला दीड. मीटर मात्र चारवर सेट आहे.

मुलगी : म्हणजे ८०० फेऱ्यांच्या १२०० ठिणग्या, आणि मीटर त्यांना दोनने भागतं!

काका : बरोब्बर. मागे तीनचा पर्याय नसेल, तर दिसेल त्यात त्याचाच तिसरा हिस्सा मिळव.

मुलगी : आणि नव्या गाड्यांत?

काका : तिथे क्रँकच्या सेन्सरवरून कॉम्प्युटर आकडा देतो. स्कॅनर लावायचा, त्याचा आकडा बरोबर आणि काटा चूक असेल, तर दोष मीटरकडचा. पण तुझ्या या गाडीत काट्याचा आणखी एक उपयोग आहे. मुलुंडच्या पुलावर गिअरमध्ये चालता चालता इंजिन बंद पडलं, तर काटा बघ. गाडी पुढे जातेय आणि काटा एकदम शून्यावर आला, तर कॉइलचा करंट तुटलाय. गाडीच्या वेगाबरोबर हळूहळू उतरला, तर आधी पेट्रोल तपासायचं. मेकॅनिकला फोन करशील तेव्हा पहिल्यांदा हेच सांग.