मोबाइलवर फ्लॅश का चालत नाही?

प्रश्न : तारकर्लीच्या आमच्या न्याहारी-निवासाच्या जुन्या संकेतस्थळावर सिंधुदुर्ग किल्ल्याच्या चित्रफितीऐवजी मोबाइलवर राखाडी चौकोन दिसतो. फ्लॅश प्लगइन कुठे मिळेल? – एक वाचक, मालवण

उत्तर : दोष आपल्या मोबाइलचा नाही. प्लगइन म्हणजे ब्राउझरला बाहेरून जोडायचे सॉफ्टवेअर. त्यांपैकी चित्रफिती दाखवणारे फ्लॅश आयफोनवर कधीच चालले नाही, मोबाइल ब्राउझरसाठीचा त्याचा विकास ते बनवणाऱ्या अ‍ॅडोबी कंपनीने २०११ मध्ये थांबवला आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी संगणकावरील आधारही संपवला. त्यामुळे आज ‘फ्लॅश उतरवून घ्या’ म्हणणारी लिंक घातक समजून टाळावी. एचटीएमएल५ या खुल्या मानकामुळे, म्हणजे कोणत्याही एका कंपनीच्या मालकीच्या नसलेल्या सामायिक नियमांमुळे, चित्रफीत दाखवण्याची सोय ब्राउझरमध्येच असते. मूळ चित्रफीत एमपी४ स्वरूपात करून संकेतस्थळ सांभाळणाऱ्याकडून ‘व्हिडिओ’ टॅगने बसवून घ्यावी. ती हरवली असल्यास किल्ल्याचे नवे चित्रण मोबाइलवरही उत्तम होते.