पाटा, बुश आणि शाळेची व्हॅन



सकाळी मल्हारगंजच्या रस्त्यांवरून शाळेच्या व्हॅन जाऊ लागल्या की थोडे कान देऊन ऐका. गतिरोधकावरून जाताना काही गाड्या नुसत्या वर होऊन खाली बसतात, तर काही मागच्या बाजूने खट्-खट् असा आवाज करतात. ‘गाडी जुनी झाली’ असे म्हणून आपण तो विषय सोडून देतो. पुष्कळदा गाडी म्हातारी झालेली नसते. तिच्या मागच्या चाकांजवळचे रबराचे छोटे तुकडे झिजलेले असतात. त्यांना बुश म्हणतात. ते वेळेवर बदलले तर काम थोडक्यात भागते. दुर्लक्ष केले तर टायर, बोल्ट आणि शेवटी पाटेही खर्चात ओढले जातात. शिवाय त्या गाडीत आपली मुले बसलेली असतात. म्हणून हा पाठ.

बुश कोठे असतो?

उदाहरणासाठी आपण मारुतीची ओम्नी घेऊ. ही गाडी १९८४ साली ‘मारुती व्हॅन’ म्हणून आली, पुढे तिचे नाव ओम्नी झाले आणि २०१९ साली तिचे उत्पादन थांबले. तिच्या मागच्या धुरीवर दोन्ही बाजूंना पाटे असतात. आपल्या इंदूरच्या बोलीत त्यांना कमानी म्हणतात. जुन्या टांग्यालाही अशाच कमानी असत.

पाट्याच्या दोन्ही टोकांना गोल वळवलेले भोक असते. त्याला पाट्याचा डोळा म्हणतात. पुढचा डोळा गाडीच्या सांगाड्याला एका बोल्टने जोडलेला असतो. मागचा डोळा सांगाड्याला थेट न जोडता मध्ये एक झुलता दुवा असतो, त्याला शॅकल म्हणतात. या प्रत्येक जोडात लोखंड लोखंडावर घासू नये म्हणून रबराचा बुश बसवलेला असतो. म्हणजे एका बाजूला तीन जागा झाल्या: पुढचा डोळा, मागचा डोळा आणि शॅकलचे वरचे टोक.

शॅकल कशाला हवा?

एक प्रयोग करून पाहा. ३० सेंटीमीटरची लवचीक प्लॅस्टिकची पट्टी टेबलावर ठेवा आणि दोन्ही टोके आत ढकलून तिला कमानीसारखा बाक द्या. मध्यभाग सुमारे ३.३ सेंटीमीटर वर आला की टोकांमधले अंतर सुमारे २९ सेंटीमीटर भरते. आता मध्यभाग हळूच खाली दाबा. टोके एकमेकांपासून दूर सरकतात आणि पट्टी सपाट झाली की अंतर पुन्हा ३० होते.

गाडीच्या पाट्याचेही असेच होते. मुले गाडीत बसली की कमान चपटी होते आणि तिच्या टोकांमधले अंतर वाढते. दोन्ही टोके घट्ट बांधली असती तर हे वाढलेले अंतर जाणार कोठे? त्यासाठी शॅकल मागेपुढे झुलतो. प्रत्येक खड्ड्यात तो झुलतो आणि प्रत्येक वेळी बुशाचे रबर थोडे पिळले जाते. दिवसातून हजारो वेळा पिळ खाणे आणि सुटणे, हेच बुशाचे काम.

रबर का थकते?

कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट व थंडीत कडक होते. १८३९ साली चार्ल्स गुडइयर यांना असे आढळले की गंधकाबरोबर तापवले तर रबर टिकाऊ व लवचीक होते. गंधक रबराच्या लांब साखळ्यांमध्ये आडवे पूल बांधते, म्हणून ताणलेले रबर पुन्हा मूळ आकारावर येते. पण ऊन, उष्णता, हवेतील ओझोन आणि सततचा पिळ यांनी रबराला भेगा पडतात. इंजिनाचे तेल किंवा ग्रीस लागले तर रबर फुगून मऊ पडते. त्यात क्षमतेपेक्षा जास्त मुले बसवली तर बुशाचे आयुष्य आणखी घटते.

आपल्या जवळच पीथमपूरला गाड्यांची चाचणी घेणारे नॅट्रॅक्स हे केंद्र आहे. तेथील ११.३ किलोमीटरच्या वेगवान मार्गाचे उद्घाटन २०२१ साली झाले. तेथे खराब रस्त्यांसारखे मार्गही मुद्दाम बांधलेले आहेत, कारण गाडीची खरी परीक्षा गुळगुळीत रस्त्यावर होत नाही.

झीज कशी ओळखावी?

१. लहान खड्ड्यातही मागून खट् असा कोरडा आवाज येतो.
२. ब्रेक लावताना किंवा वळताना गाडीची मागची बाजू किंचित बाजूला सरकल्यासारखी वाटते.
३. मागचे टायर एका कडेने जास्त झिजतात.
४. खाली वाकून बॅटरीने पाहिले तर बुशाच्या कडेला भेगा, रबराचा भुगा किंवा एका बाजूला सरकलेला बोल्ट दिसतो.

खात्रीसाठी मिस्त्री गाडी चाकांवर उभी असतानाच डोळा व पकड यांच्यामध्ये टॉमी घालून हलकेच ढकलतो. बुश चांगला असेल तर रबर थोडे दबून परत येते. झिजलेला असेल तर बोल्ट मोकळा हलतो.

येथे घाईने निष्कर्ष काढू नये. गाडीचा मागचा कोपरा जोराने दाबून सोडा. ती दोन-तीन वेळा वरखाली झुलत राहिली तर दोष शॉकअबचा असू शकतो. सायलेन्सरची सैल पट्टीसुद्धा असाच आवाज करते. आधी निदान आणि मग खरेदी, ही काटकसरीची पहिली पायरी.

पैसे कोठे वाचवावेत?

एक हिशेब करू. यातले आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत, ते बाजारभाव नव्हेत. समजा दोन्ही बाजूंच्या कामाची मजुरी ८०० रुपये आहे. हलके बुश ३०० रुपयांना मिळतात व १२ महिने टिकतात. चांगले बुश ६०० रुपयांना मिळतात व ३६ महिने टिकतात.

हलके: ८०० + ३०० = ११०० रुपये, भागिले १२ म्हणजे महिन्याला सुमारे ९२ रुपये.
चांगले: ८०० + ६०० = १४०० रुपये, भागिले ३६ म्हणजे महिन्याला सुमारे ३९ रुपये.

मजुरी दोन्ही वेळा तीच लागते. म्हणून बुश स्वस्त घेणे महाग पडते. वाचवायचेच असेल तर दुसरीकडे वाचवा. पाटे ठणठणीत असतील तर पूर्ण पाटा बदलण्याची गरज नाही, नुसते बुश मिळतात. दोन्ही बाजू एकदमच करून घ्याव्यात, म्हणजे गाडी दोनदा उचलावी लागत नाही. शॅकलच्या पिनेला नखाला लागेल इतकी खाच पडली असेल तर पीन त्याच वेळी बदलावी, नाहीतर नवा बुश ती खाच लवकरच खाऊन टाकील. दुकानात मॉडेल व साल सांगावे आणि जुना बुश सोबत न्यावा.

जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळणे किंवा जादा वायसर घालून फट भरणे असले उपाय करू नयेत. आवाज काही दिवस थांबतो, झीज मात्र आत चालूच राहते.

काम कसे चालते?

हे काम विद्यार्थ्यांनी स्वतः करायचे नाही. पण ते नीट होते आहे की नाही हे कोणालाही ओळखता यावे.

गाडी सपाट व टणक जमिनीवर उभी करतात. ओम्नीत हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो आणि गिअरही मागचीच चाके धरतो. मग मागची चाके उचलल्यावर गाडीला कोण धरणार? कोणीच नाही! म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना, पुढून व मागून, लाकडी पाचरी लावल्याशिवाय जॅकला हात लावायचा नाही. चाकाचे नट गाडी उचलण्यापूर्वीच किंचित सैल करतात. मग जॅकने उचलून सांगाड्याच्या भक्कम भागाखाली घोडी लावतात. नुसत्या जॅकवर किंवा विटांच्या थप्पीवर उभ्या गाडीखाली कोणीही, कितीही अनुभवी असला तरी, जाऊ नये.

दुसरा जॅक धुरीखाली लावून तिची उंची जुळवतात, म्हणजे बोल्टवरचा ताण जातो व तो ठोकाठोक न करता निघतो. एका वेळी एकच बाजू सोडवतात. दुसरी बाजू धुरी जागेवर धरून ठेवते. ब्रेकच्या नळीवर ताण येत नाही ना, हे पाहतात. जुना बुश काढला की डोळ्याच्या आतला गंज पॉलिश पेपरने साफ करतात. नवा बुश साबणाच्या पाण्याने ओला करून बसवतात. साधे ग्रीस लावत नाहीत. त्याचे कारण वर आलेच आहे.

सर्व गाड्यांत पाटे नसतात. २०१० साली आलेल्या ईकोसारख्या गाडीत मागे गुंडाळी स्प्रिंग व दांड्या असतात. अशा दांड्यांत बुश प्रेसने दाबून बसवलेले असतात. दांडी सोडवून लेथवाल्याकडे, म्हणजे आपल्या बोलीत खरादवाल्याकडे न्यावी. त्याने बुशाच्या बाहेरच्या कड्यावर दाब द्यावा, आतल्या नळीवर नव्हे. काही बुशांना ठरावीक दिशा असते. काढण्यापूर्वी खडूने खूण करावी. रबर जाळून काढू नये. त्याचा धूर विषारी असतो आणि अति उष्णतेने दांडीचे लोखंडही बिघडू शकते.

शेवटचा पीळ वजनावर

या पाठातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हा. गाडी हवेत लटकत असताना पाटा जास्त बाकदार असतो आणि शॅकल वेगळ्या कोनात असतो. त्या स्थितीत बोल्ट पूर्ण आवळला तर रबर त्या कोनात पकडले जाते. गाडी खाली आली की कोन बदलतो आणि रबर कायमचे पिळलेल्या अवस्थेत राहते. नवा बुश काही महिन्यांतच फाटतो आणि दोष मात्र दुकानदाराला लागतो.

म्हणून बोल्ट आधी हातसर बसवावेत. चाके लावून गाडी जमिनीवर आणावी, मागची बाजू दोन-चार वेळा दाबून हलवावी आणि मगच शेवटचा पीळ द्यावा. आठवड्याभराने पुन्हा एकदा तपासावे.

पीळ किती द्यायचा, हे त्या गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. त्यामागचे शास्त्र सोपे आहे: पीळ = बल × अंतर. समजा ६० न्यूटन-मीटर पीळ हवा आहे आणि पाना ०.३ मीटर लांब आहे. तर टोकाला २०० न्यूटन बल हवे, म्हणजे सुमारे २० किलो वजनाइतके. पान्याला लांब नळी जोडून सगळी ताकद लावली तर बोल्टचे आटे जातात. फार कमी लावली तर नट सैल होऊन निघतो.

पालक व विश्वस्तांसाठी

व्हॅनचालकाला दोष देण्याआधी त्याची अडचण समजून घ्यावी. गाडी एक दिवस बंद राहिली तर त्याची त्या दिवसाची कमाई बुडते, म्हणून तो काम पुढे ढकलतो. दिवाळीच्या व उन्हाळ्याच्या सुट्टीत असे काम करून घेण्याचे ठरले तर कोणाचेच नुकसान नाही. प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला बुश, टायर, ब्रेक आणि गाडीत बसणाऱ्या मुलांची संख्या या चार गोष्टी एका कागदावर नोंदवून ठेवल्या तरी पुष्कळ काम होईल. गरज पडल्यास काही पालकांनी मिळून महिन्याचे पैसे थोडे आधी द्यावेत. चालकाच्या हातात वेळेवर रक्कम असली की तो हलक्या मालाकडे वळत नाही.

स्वाध्याय

१. तुमच्या गाडीच्या पाट्याच्या प्रत्येक जागी बुशाचे दोन अर्धे भाग बसत असतील तर दोन्ही बाजूंना मिळून किती अर्धे भाग लागतील?
२. पट्टीचा प्रयोग करा. मध्याची उंची १, २ व ३ सेंटीमीटर ठेवून प्रत्येक वेळी टोकांमधले अंतर मोजा व आलेख काढा. आलेख सरळ रेषेत येतो का?
३. पान्याची लांबी दुप्पट केली तर तेवढ्याच पिळासाठी किती बल लागेल?
४. उद्या शाळेत येताना गतिरोधकावर व्हॅनचा आवाज ऐका. खट् आवाज आला तर चालककाकांना नम्रपणे सांगा आणि घरीही सांगा.