एका छताखाली बारा हजार माणसे



उष्णता आणि ध्वनी ही प्रकरणे तुम्ही वर्गात शिकलात. ती केवळ परीक्षेपुरती नाहीत, हे दाखवण्यासाठी या अंकात मी कोलकात्याचे नेताजी इनडोअर स्टेडियम निवडले आहे. ईडन गार्डन्सला लागूनच असलेल्या या बंदिस्त क्रीडागृहात सुमारे १२,००० प्रेक्षक बसतात. आझाद हिंद सेनेच्या नेताजींचे नाव त्याला दिलेले आहे.

फेब्रुवारी १९७५ मध्ये येथे ३३ वी जागतिक टेबल टेनिस स्पर्धा झाली. याआधी भारतात ही स्पर्धा १९५२ साली आपल्या मुंबईत झाली होती. कोलकात्यात पुरुष एकेरीचे विजेतेपद हंगेरीच्या योनयेरने पटकावले. पुरुष व महिला या दोन्ही सांघिक स्पर्धा चीनने जिंकल्या. पुढे याच जागी प्रो कबड्डीचे सामने, गाण्याचे कार्यक्रम, सभा आणि चित्रपट महोत्सवाचे उद्घाटन असे सर्व काही झाले. जागा एकच, पण प्रत्येक कार्यक्रमाची गरज वेगळी.

१. हवा : त्या काळी टेबल टेनिसचा चेंडू ३८ मि.मी. व्यासाचा आणि २.५ ग्रॅम वजनाचा असे. एवढा हलका चेंडू वाऱ्याच्या साध्या झुळकीनेही वाट सोडतो. म्हणून खेळाडूला हवा स्तब्ध हवी असते, तर प्रेक्षकाला खेळती. यावर उपाय असा, की थंड हवा मोठ्या तोंडांतून पण कमी वेगाने आत सोडायची.

२. उष्णता : स्वस्थ बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो. १२,००० माणसांचे झाले १२ लाख वॅट. दीड टनाचा घरगुती एसी सुमारे ५,२५० वॅट उष्णता काढतो. म्हणजे केवळ माणसांसाठीच जवळपास २३० एसींची ताकद लागेल. दिव्यांची उष्णता निराळीच. क्षमतेपेक्षा जास्त लोक आत घेतले की हे गणित कोलमडते. ३१ मे २०२२ रोजी कोलकात्यातीलच नझरुल मंच या सभागृहात गायक केके यांचा कार्यक्रम झाला आणि त्याच रात्री त्यांचे निधन झाले. कारण हृदयविकाराचे होते. पण त्या सभागृहातील गर्दी आणि उकाडा यांची देशभर चर्चा झाली.

३. आवाज : ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरू. भिंत ३४ मीटरवर असेल, तर आवाज ०.२ सेकंदाने परत येतो. ०.१ सेकंदापेक्षा जास्त अंतराने आलेला आवाज कानाला वेगळा ऐकू येतो. त्यामुळे कबड्डीत घुमणारा जल्लोष हवासा वाटला, तरी गाण्याचे शब्द त्याच घुमण्यात हरवतात. पडदे, छताला लावलेले मऊ साहित्य आणि प्रेक्षकांचे कपडे ध्वनी शोषून घेतात. म्हणूनच रिकामे सभागृह भरलेल्या सभागृहापेक्षा जास्त घुमते.

४. वाटा : हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. सपाट वाटेवर १ मीटर रुंदीतून मिनिटाला साधारण ८० माणसे जातात. जिन्यावर त्याहून कमी. १२,००० माणसे ८ मिनिटांत बाहेर काढायची, तर १२,००० ÷ (८० × ८) = १८.७५, म्हणजे जवळजवळ १९ मीटर रुंदीची दारे हवीत. फुकटे आत येऊ नयेत म्हणून कोणी निम्म्या दारांना कुलपे लावली, तर वेळ दुप्पट होतो. आग किंवा धूर त्या वेळेची वाट पाहत नाही.

तुमच्यापैकी अनेक जण उद्या अधिकारी व्हाल. पूर आला की अशाच एखाद्या सभागृहात शेकडो लोकांची सोय करण्याचे काम तुमच्यावर येऊ शकते. तेव्हा आधी दारे पाहा, ती उघडतात का ते स्वतः तपासा आणि मगच माणसे आत घ्या.

स्वाध्याय : आपल्या शाळेच्या सभागृहाची दारे मीटर टेपने मोजा. सर्व विद्यार्थी किती मिनिटांत बाहेर पडतील? एक दार बंद असेल तर किती? उत्तर आकडेमोडीसह वहीत लिहा.