घरच्या संगणकाचा पहारेकरी

निजामाच्या राजवटीत हिंगोली येथे फौजेची छावणी होती, हे आपल्या वाचकांपैकी पुष्कळांस ठाऊक असेल. फिलिप मेडोज टेलर नावाचा इंग्रज अधिकारी या छावणीत राहून गेला. १८३९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्याने येथील हरीसिंग नावाच्या व्यापाऱ्याची हकीकत दिली आहे. हा गृहस्थ बाजारात मोठा प्रतिष्ठित गणला जाई. खुद्द टेलरचाही त्याच्याशी देण्याघेण्याचा व्यवहार असे. एके प्रसंगी त्याने मुलकी अधिकाऱ्याकडे अर्ज करून मुंबईहून कापड आणण्याचा परवाना मिळविला. ते कापड वास्तविक दुसऱ्याच एका व्यापाऱ्याचे होते, व तो ते घेऊन वाटेवर आहे हे हरीसिंगास आधीच कळले होते. त्याने त्या व्यापाऱ्यास व त्याच्या माणसांस वाटेत ठार केले, माल परवान्याखाली हिंगोलीत आणला आणि छावणीत उघडपणे विकला. हरीसिंग हा ठगांचा जमादार होता. पकडला गेल्यावर त्याने स्वतःच सांगितले नसते, तर हे कृत्य कधीच उघडकीस आले नसते.

छावणीस पहारेकऱ्यांची वाण नव्हती. परंतु हा चोर भिंत फोडून आला नाही. तो परवाना घेऊन आला. घरोघरच्या संगणकांत आज जे स्पायवेअर शिरते, त्याची रीत हुबेहूब अशीच आहे. यास्तव त्यापासून संरक्षण करणारी साधने कशी निवडावीत, याचा विचार करताना ‘कोणता अँटिव्हायरस उत्तम?’ हा प्रश्न दुसरा होय. ‘आपण परवाना कोणास देत आहोत?’ हा प्रश्न पहिला.

स्पायवेअर म्हणजे काय

स्पायवेअर म्हणजे हेरगिरी करणारा प्रोग्रॅम. सामान्य व्हायरस फायली बिघडवितो, संगणक बंद पाडतो, आणि त्यामुळे तो आल्याचे लवकर कळते. स्पायवेअर काही बिघडवीत नाही. कारण गुपचूप राहण्यातच त्याचा लाभ असतो. कळफलकावर दाबलेली अक्षरे तो टिपून ठेवतो, पडद्याची चित्रे घेतो, प्रसंगी कॅमेरा व ध्वनिग्राहक चालू करतो, आणि हे सारे नेटवरून आपल्या धन्याकडे पाठवितो. हळदीच्या विक्रीची रक्कम ज्या खात्यात जमा होते त्याचा पासवर्ड, मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी जोडलेले आधार कार्ड व उत्पन्नाचा दाखला, ही सर्व त्याच्या दृष्टीने लूटच होय.

तो येतो मुख्यतः तीन वाटांनी: फुकट मिळालेल्या प्रोग्रॅमच्या पोटातून, ईमेलला जोडलेल्या फायलीतून, आणि छपाईच्या दुकानात लावून आणलेल्या पेनड्राइव्हमधून. या प्रत्येक वाटेवर बहुधा ‘होय’ या शब्दावर बोट ठेवणारे आपणच असतो.

पाया: ऑपरेटिंग सिस्टिम

घराचा पायाच पोखरलेला असेल तर दाराला भारी कुलूप लावून उपयोग काय? पुष्कळ ठिकाणी संगणक घेताना चोरीची विंडोज घालून दिली जाते. ती चालावी म्हणून ‘क्रॅक’ नावाचा छोटा प्रोग्रॅम बसवितात, आणि तो बसविताना अँटिव्हायरस बंद करण्यास सांगतात. पहारेकऱ्यास रजा देऊन अनोळखी इसमास घरात घ्यावे, तसाच हा प्रकार आहे. यात पैसे वाचतात हा समज चुकीचा आहे. आणि परक्याची वस्तू मोल न देता वापरणे हे शिकत्या मुलांसमोर बरे उदाहरणही नव्हे.

विंडोज १० या आवृत्तीस नेहमीच्या मोफत सुरक्षा-दुरुस्त्या देणे मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद केले. त्यानंतर थोड्या मुदतीची जी सोय ठेवली, ती वेगळी नोंदणी करणाऱ्यांपुरतीच आहे. विंडोज ११ साठी संगणकात टीपीएम २.० हा सुरक्षा-घटक असावा लागतो. तो गुप्त किल्ल्या जपतो आणि संगणक सुरू होताना कोणी ढवळाढवळ केली आहे काय, हे तपासण्यास साहाय्य करतो. नवीन संगणक घेणाऱ्याने तो आहे याची खात्री करून घ्यावी. जुना संगणक टाकून देण्याची ऐपत नसेल, तर उबुंटू किंवा आपल्या सी-डॅक संस्थेने तयार केलेली बॉस लिनक्स, या ऑपरेटिंग सिस्टिम विनामूल्य मिळतात. लिहिणे, वाचणे व अर्ज भरणे यांस त्या पुरेशा आहेत.

पहारेकऱ्याची निवड

अँटिव्हायरस हा संगणकातील प्रत्येक फाईल उघडून पाहतो. त्यास आपण सर्व खोल्यांच्या किल्ल्या दिलेल्या असतात. सबब हा नोकर पारखूनच ठेवला पाहिजे. याची दोन उदाहरणे लक्षात ठेवण्यासारखी आहेत.

अमेरिकेत ‘विनफिक्सर’, ‘एक्सपी अँटिव्हायरस’ अशा नावांचे प्रोग्रॅम विकणाऱ्या एका टोळीविरुद्ध तेथील फेडरल ट्रेड कमिशनने २००८ साली दावा लावला. ‘तुमच्या संगणकात व्हायरस आहेत’ अशी खोटी तपासणी पडद्यावर दाखवून या लोकांनी दहा लाखांहून अधिक ग्राहकांस फसविले होते. २०१२ साली न्यायालयाने त्यांच्याविरुद्ध १६ कोटी ३० लाख डॉलरांचा निकाल दिला. दुसरे उदाहरण अधिक विचार करावयास लावणारे आहे. अवास्ट ही नामांकित अँटिव्हायरस कंपनी आपल्या ग्राहकांनी नेटवर काय काय पाहिले याची माहिती जम्पशॉट या उपकंपनीमार्फत विकत असे. २०२० साली ते उघडकीस आल्यावर जम्पशॉट बंद करण्यात आली, आणि २०२४ साली त्याच कमिशनने अवास्टवर १ कोटी ६५ लाख डॉलर भरण्याचा बोजा टाकला. पहिल्या उदाहरणात चोराने पहारेकऱ्याचा वेष घेतला. दुसऱ्यात पहारेकऱ्यानेच घरातल्या गोष्टी बाजारात सांगितल्या.

मग निवड कशी करावी? विंडोजबरोबरच मिळणारा डिफेंडर २०१२ च्या विंडोज ८ पासून पुरा अँटिव्हायरस झाला आहे. तो चालू ठेवून वेळच्या वेळी अपडेट केल्यास साध्या घरास पुरतो. वेगळा खर्च करण्याची सक्ती नाही. अधिक सोयी हव्या असतील तर क्विक हील हा आपल्या महाराष्ट्रातीलच आहे. दहावीनंतर शाळा सोडून पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारे कैलास काटकर आणि संगणकशास्त्र शिकलेले त्यांचे बंधू संजय काटकर यांनी १९९० नंतरच्या दशकात तो उभा केला. दुरुस्तीस येणारे संगणक पुनःपुन्हा व्हायरसनेच बिघडलेले आढळत, त्यावर उपाय शोधता शोधता हा उद्योग वाढला, आणि २०१६ साली कंपनीचे भाग शेअरबाजारात नोंदले गेले. हातचे काम मन लावून केल्यास त्यातूनच पुढची वाट दिसते, हे विद्यार्थ्यांनी यातून घ्यावे.

कोणताही अँटिव्हायरस निवडा, पण तो एकच ठेवा. दोन एकदम चालविल्यास ते एकमेकांच्या कामात अडथळा आणतात. जर्मनीतील एव्ही-टेस्ट व ऑस्ट्रियातील एव्ही-कंपॅरेटिव्हज या संस्था अशा प्रोग्रॅमांची नियमित परीक्षा घेतात. जाहिरातीपेक्षा त्यांचे निकाल पाहावेत. प्रोग्रॅम नेहमी मूळ कंपनीच्या संकेतस्थळावरूनच घ्यावा.

हाती धरता येणारी साधने

भारी किमतीची यंत्रे घरी लागत नाहीत. चार वस्तूंकडे लक्ष द्यावे.

१. राउटर. बसविणाऱ्याने ठेवलेला मूळचा पासवर्ड त्याच दिवशी बदलावा. तो पुष्कळदा सर्वांस माहीत असतो.

२. पेनड्राइव्ह. दुकानात नेण्यासाठी एक वेगळा, रिकामा पेनड्राइव्ह ठेवावा व परत आल्यावर तपासल्याविना उघडू नये. भारत सरकारने २१ फेब्रुवारी २०१७ रोजी सायबर स्वच्छता केंद्र सुरू केले. तेथून स्वच्छतेची साधने व ‘यूएसबी प्रतिरोध’ हा पेनड्राइव्हवर नियंत्रण ठेवणारा प्रोग्रॅम विनामूल्य मिळतो.

३. कॅमेऱ्याचे झाकण. झाकणी नसल्यास कागदाचा तुकडा चिकटविला तरी काम होते.

४. बाहेरची हार्डडिस्क. तिच्यात महत्त्वाच्या फायलींची दुसरी प्रत ठेवावी, व प्रत घेऊन झाली की ती काढून कपाटात ठेवावी. सतत जोडलेली प्रत मूळ फायलींबरोबरच बिघडू शकते.

परवाना आवळून धरा

आता सर्वांत महत्त्वाचा आणि एक पैसाही न लागणारा उपाय. विंडोजमध्ये दोन प्रकारची खाती असतात: व्यवस्थापकाचे आणि साधे. रोजच्या कामासाठी, विशेषतः मुलांसाठी, साधे खाते वापरावे आणि व्यवस्थापकाचा पासवर्ड घरातील एका जाणत्या माणसाजवळ असावा. मग कोणताही प्रोग्रॅम संपूर्ण संगणकावर ताबा मिळवू पाहील, तेव्हा त्यास त्या माणसाची संमती मागावी लागेल. साध्या खात्यातही चोरी अगदीच अशक्य होते असे नाही. पण चोराचा हात आखूड होतो.

एवढे करूनही संशय आला, उदाहरणार्थ न केलेल्या व्यवहाराचा संदेश आला, तर प्रथम संगणकाचे नेट तोडावे. दुसऱ्या स्वच्छ उपकरणावरून पासवर्ड बदलावेत, बँकेस कळवावे आणि पैसे गेले असल्यास विलंब न लावता १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. स्पायवेअर खोल रुजले असेल, तर फायलींची प्रत काढून ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने घालणे हाच खात्रीचा मार्ग होय.

पालकांस एक विनंती

मुलांवर लक्ष ठेवण्यासाठी त्यांच्या नकळत घालावयाचे हेरगिरीचे प्रोग्रॅमही बाजारात मिळतात. मुलांच्या काळजीपोटीच पालकांस त्यांचा मोह होतो, हे खरे. परंतु असा प्रोग्रॅम मुलाची खाजगी माहिती एखाद्या अनोळखी कंपनीच्या हाती देतो, आणि ज्या दिवशी ते मुलास कळते त्या दिवशी त्याचा आपल्यावरील विश्वास उडतो. त्याऐवजी संगणक बैठकीच्या खोलीत ठेवावा, वेळेची मर्यादा मुलास सांगून घालावी, आणि चूक झाली तर भीती न बाळगता येऊन सांगण्याची त्यास मुभा द्यावी. ‘होय’ दाबून बसलेला मुलगा रागाच्या भीतीने गप्प राहिला, तर चोरास तेवढा अधिक वेळ मिळतो. तो तत्काळ आईवडिलांकडे धावत आला, तर पुष्कळ नुकसान टळते.

विद्यार्थ्यांनो, मेंढरांच्या वेषात येणाऱ्या लांडग्यांविषयी सावध राहण्याची शिकवण आपल्या शाळेत तुम्ही ऐकलीच आहे. पडद्यावर जेव्हा जेव्हा संमती मागणारी चौकट येईल, तेव्हा क्षणभर थांबून तीन गोष्टी विचारा: हा कोण, हा काय मागतो, आणि हे मी मागविले होते काय? तिन्हींची उत्तरे मिळाली नाहीत, तर ‘नाही’ म्हणा आणि वडीलधाऱ्यांस दाखवा.