टेकलेली रेघ आणि टेकल्यासारखी रेघ

भोसरी-चाकणकडच्या फॅब्रिकेशनवाल्यांना मी ड्रॉइंग करून देतो. पुलीवरचं गार्ड असो की टाकीचं झाकण, गोल कडेला स्पर्शिका ओढल्याशिवाय काम पुढे सरकत नाही. त्यातून जमा झालेलं थोडंफार सांगतो.

१. रेघ टेकली का, हे डोळ्यांना विचारू नका. स्पर्शबिंदूपासून केंद्रापर्यंत त्रिज्या ओढा आणि कोन मोजा. ९० आला तर स्पर्शिका, ८९.६ आला तर नुसती रेघ. सोबत लांबीही ताडून पाहा. पुलींच्या त्रिज्या १५० आणि ६० मिमी, केंद्रांमधलं अंतर ५०० मिमी असेल, तर सरळ पट्ट्याची स्पर्शिका ४९१.८३ मिमी यायलाच हवी. अंतराच्या वर्गातून त्रिज्यांच्या फरकाचा वर्ग वजा करायचा आणि वर्गमूळ घ्यायचं. पट्टा क्रॉस असेल तर फरकाच्या जागी बेरीज घ्या, म्हणजे ४५३.७६ येते. शाळेतलं पायथागोरस असं पगार मिळवून देतं.

२. ऑटोकॅडमध्ये लाइन कमांड दिल्यावर ‘टॅन’ टाइप करावं. सगळे स्नॅप एकदम चालू ठेवले तर क्वाड्रंट नाहीतर एंडपॉइंट आधी झडप घालतो. पहिल्या वर्तुळावर क्लिक केल्यावर पडद्यावर रेघ दिसतच नाही, कारण दुसरं टोक कळेपर्यंत स्पर्शबिंदू ठरूच शकत नाही. नवखी पोरं इथेच घाबरून एस्केप दाबतात. एकमेकांपासून पूर्ण सुट्या, एकमेकांबाहेर असलेल्या दोन वर्तुळांना चार सामाईक स्पर्शिका निघतात. त्यातली कुठली मिळणार हे तुम्ही कुठे क्लिक करता त्यावर ठरतं, म्हणून हव्या त्या बाजूलाच क्लिक करा.

३. स्केचअपमधलं वर्तुळ हे वर्तुळ नसतं. तो नेहमीच्या सेटिंगला २४ बाजूंचा बहुभुज असतो. त्याचे कोपरे खऱ्या वर्तुळावर बसतात, बाजूंचे मध्य मात्र आत राहतात. १०० मिमी त्रिज्येला हा फरक ०.८६ मिमी होतो. इंटिरियरवाल्याला त्याचं काही नाही, पण लेसर कटिंगला फाइल गेली की पत्र्यावर त्या बाजू मोजून घ्या. त्यामुळे कोपरा जिथे पडेल तिथेच स्पर्शिका नेमकी बसते. वर्तुळ काढताना केंद्रावर क्लिक करून कर्सर ज्या दिशेला न्याल तिथे एक कोपरा येतो. म्हणून आधी स्पर्शबिंदूची दिशा शोधावी. बाहेरच्या बिंदूपासून केंद्रापर्यंत रेघ, तिच्या मध्यावरून तिलाच व्यास मानून दुसरं वर्तुळ. जिथे दोन्ही छेदतात तिथे स्पर्शबिंदू. दहावीच्या भूमितीत कंपासने करत होतो तीच रचना. हे मदतीचं वर्तुळ मी ९६ बाजूंचं घेतो, आणि मूळ वर्तुळही तसंच. मग कर्सर त्या बिंदूकडे रोखून त्रिज्या आकड्यात टाइप करतो. ओढून घेतलेल्या त्रिज्येवर माझा विश्वास नाही.

४. फ्रीकॅडच्या स्केचरमध्ये रेघ आधी कशीही ओढा, नंतर टॅन्जंटचं बंधन लावा. कंस आणि रेघ टोकाला जुळणार असतील तर दोघांची टोकं निवडून बंधन द्यावं, म्हणजे जुळणं आणि टेकणं एकाच वेळी होतं. नाहीतर बंधनांची गर्दी होते आणि सॉफ्टवेअर कुरकुरतं.

५. थ्रीडीत वरून सगळं टेकलेलंच दिसतं. दोन कडा वेगवेगळ्या उंचीवर असतील तर स्पर्शिकेची रेघ तिरकी होऊन हवेत चढते, आणि ती कळते फिरवून पाहिल्यावरच. सपाट प्रोफाइल हवी असेल तर ऑटोकॅडमध्ये ओस्नॅपझेड १ करावं, मग सगळे बिंदू चालू प्रतलावर उतरतात. काम झालं की परत ० करायचं. पुढच्या ड्रॉइंगमध्ये उंचीवर स्नॅप का लागत नाही म्हणून तासभर डोकं खाजवायची वेळ येऊ नये.