ओळखीची घडणावळ

सराफी पेढीवर कामाला लागलं की आधी वजनकाटा शिकवत असतील, असं लोकांना वाटतं. मला आधी वही शिकवली. निळ्या पुठ्ठ्याची, लांबट. एका पानावर गिऱ्हाइकाचं नाव, गाव, फोन. समोरच्या पानावर लग्नाची तारीख, मुलं किती, थोरली मुलगी कितवीत. या शेवटच्या रकान्यावर मालकांचा फार जीव. मुलगी दहावीला गेली की त्या घरी जाणारं दिवाळीचं कार्ड बदलायचं. पणत्यांच्या जागी पाटल्या-तोड्यांचा फोटो. लग्नाला अजून आठ-दहा वर्षं असायची, पण सोनं कुठून साठवायचं हे घरात त्याच सुमाराला ठरतं. पुढे वही जाऊन संगणक आला, आता वाढदिवसाचा निरोप फोनवर आपोआप जातो. रकाने तेच राहिले. 2 लाखांच्या वरच्या खरेदीला कायद्याने पॅन द्यावा लागतो; मुलीची इयत्ता कुठल्याच खरेदीला लागत नाही. ती मात्र आपण न कुरकुरता सांगतो, वर कौतुकाने तिचे मार्कही सांगतो.

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी मी ही नोकरी केली. आधी काउंटरला, नंतर योजनेच्या टेबलावर. पेढीचं नाव सांगत नाही. सराफ कट्ट्यावरच्या कुठल्याही दुकानात थोड्याफार फरकाने हेच चालतं.

संक्रांत ते रथसप्तमी या दिवसांत पेढीवर हळदीकुंकू व्हायचं. बोलावण्याची यादी मी काढायची. सगळ्यांना तिळगूळ आणि स्टीलची डबी. पण काही नावांपुढे मालक लाल खूण करत, त्यांना चांदीचा करंडा. करंडा ज्यांना मिळाला त्यांना वाटे, आपण पेढीच्या घरच्या. एरवीही जुन्या गिऱ्हाइकाला बाकावर ताटकळत ठेवायचं नाही, आत गादीवर बसवायचं, चहात साखर किती ते न विचारता ठाऊक असायचं. “वहिनी, ही मोहनमाळ आली तेव्हाच तुमची आठवण झाली, बाजूला काढून ठेवलीय,” हे वाक्य मी किती जणींना म्हटलं असेन! माळ काही प्रत्येक वेळी बाजूला काढलेली नसायची.

ही माया सगळी नाटकी होती असं मात्र कुणी समजू नये. त्यातल्या कितीतरी घरच्या लग्नांत मी जेवले आहे, रुखवत मांडायला गेले आहे. माणसं माणसांना खरंच चिकटतात. पण मालक पगार देत होते ते या चिकटण्यातून पुढे जे निपजतं त्याचा, म्हणजे भिडेचा. ओळखीच्या दुकानात आपण चार प्रश्न गिळतो: घडणावळ किती टक्के लावली, खड्यांचं वजन वजा केलं का, पक्कं बिल कुठाय, उद्या मोडायला आणलं तर काय भाव द्याल. भीड भिकेची बहीण म्हणतात; सराफाकडे तिचा हिशोब रुपयांत मांडता येतो, तो मांडूनच दाखवते.

सोन्याने 2025 साली तोळ्याला लाखाचा आकडा ओलांडला. हिशोबाला सोपा म्हणून एक लाखच धरू. तोळा म्हणजे बाजारातला 10 ग्रॅमचा, आजीच्या वेळचा 11.66 ग्रॅमचा नव्हे. दोन तोळ्यांचे तोडे, सोन्याची किंमत 2,00,000. घडणावळ 14 टक्के, म्हणजे 28,000. एकूण 2,28,000 वर 3 टक्के जीएसटी, 6,840. बेरीज 2,34,840. आता मालक गल्ल्यावरून हाक मारतात, “अहो, वहिनींना वरचे आठशे चाळीस सोडा.” वहिनी खूश. त्याच दुपारी चार दुकानं हिंडून, कागदावर आकडे टिपून आलेलं एखादं अनोळखी जोडपं त्याच तोड्यांना 10 टक्के घडणावळ देऊन जातं. म्हणजे 28 च्या जागी 20 हजार. घडणावळीत किती सोडायचं ते आम्हाला आधीच सांगून ठेवलेलं असे, आणि ते सोडायचं हातातून निसटू शकेल अशा गिऱ्हाइकाला. घरच्या माणसाला नाही, कारण ते कुठे जाणार! नेहमीच्या गिऱ्हाइकाला भाव जास्त पडतो, ही गोष्ट आतल्या माणसाशिवाय कुणी सांगत नाही.

टक्केवारीची आणखी एक गंमत. 2021 च्या सुमाराला सोनं पन्नास हजारांच्या आसपास होतं. तेव्हा याच तोड्यांची 14 टक्क्यांनी घडणावळ 14,000 झाली असती. भाव दुप्पट झाला, घडणावळ आपोआप दुप्पट. तोडा घडवायला कारागिराला तेवढाच वेळ लागतो आणि त्याची मजुरी काही त्या मानाने वाढलेली नाही. म्हणून घडणावळ ग्रॅममागे किती रुपये पडते ते विचारावं आणि तो आकडा दोन-तीन दुकानांत ताडून पाहावा. विचारताना आवाज चढवायची गरज नसते. “दादा, मजुरी ग्रॅमला किती बसली?” एवढंच. समोरचा लगेच कॅल्क्युलेटर पुढे ओढतो. हा प्रश्न आला की टक्के खाली यायला सुरुवात होते, हे मी काउंटरच्या आतून पाहिलंय.

आता एका बाईंची हकिकत. निवृत्त शिक्षिका. त्यांच्या दोन्ही मुलींचं सोनं आमच्याकडचं. करंड्याच्या यादीत त्यांचं नाव कायम. यजमानांच्या आजारपणात पैशांची गरज पडली तेव्हा त्या तोडे मोडायला घेऊन आल्या. मधल्या काळात पेढीच्या भावाभावांत वाटण्या झाल्या होत्या. पाटी जुनीच, वर धाकट्या पातीचं नाव चढलेलं. बाईंनी पर्समधून एक गुलाबी चिठ्ठी काढली. तिच्यावर माझंच अक्षर: वजन आणि एकूण रक्कम. शुद्धता नाही, बिलाचा नंबर नाही, सही नाही. खरेदीच्या वेळी थोरल्या मालकांनी म्हटलं होतं, “मास्तरीणबाई, बिल कशाला, तुमचा कर वाचतोय. कधीही आणा, पूर्ण भाव देऊ.” आणि शब्द देताना ते खोटं बोलत नव्हते, त्यांच्या हयातीत त्यांनी बऱ्याच जणींना तसा भाव दिलाही.

नव्या मालकांनी तोडे मशीनवर ठेवले. पडद्यावर आकडा 916 च्या बराच खाली. जुन्या कामात जोडाला डाक जास्त असायचं, ते आता शुद्धतेत दिसत होतं. शिवाय चिठ्ठीवरचं वजन खड्यांसकट धरलेलं होतं. ते काढल्यावर काटा आणखी उतरला, वर आटणीची घट वेगळी. “काकू, ते दुकान थोरल्या काकांचं होतं, हे आमचं वेगळं,” मालक अगदी नम्रपणे म्हणाले. हातात पडणारी रक्कम बाईंच्या अंदाजापेक्षा इतकी कमी होती की त्यांनी आकडा दोनदा विचारला. मग माझ्याकडे पाहिलं, आणि गप्प बसल्या. चहा आला तोही घेतला. माझ्यादेखत वाद कसा घालायचा, म्हणून संकोचल्या असाव्यात. इतक्या वर्षांची ओळख त्या दिवशी माल द्यायच्या कामाची राहिली नव्हती, तोंड बंद ठेवायच्या कामाची तेवढी उरली होती.

पूर्वी पेढीचा शिक्का हीच शुद्धतेची हमी असायची, आणि तो शिक्का त्या पेढीबाहेर कुणी मानत नसे. त्यामुळे मोडायलाही परत तिथेच जावं लागे. आपण ज्याला पिढ्यान् पिढ्यांचा विश्वास म्हणतो, त्यातला मोठा भाग ही अडचण होती. हॉलमार्क 2000 साली आला, पण ऐच्छिक. 16 जून 2021 पासून तो 256 जिल्ह्यांत सक्तीचा झाला, आणि 1 एप्रिल 2023 पासून सहा अक्षर-अंकी एचयूआयडी नसलेला दागिना सराफाने विकायचा नाही असा नियम झाला. या सहा अक्षरांनी गिऱ्हाईक मोकळं केलं. शुद्धता कुठल्याही गावातल्या कुठल्याही दुकानात वाचता येते. “आमचं सोनं आमच्याकडेच आणा” या आग्रहाला आता पूर्वीइतकं वजन नाही, म्हणून तो अलीकडे जरा जास्तच गोड शब्दांत होतो.

फोनवर बीआयएस केअर नावाचं ॲप घ्या आणि तो क्रमांक दुकानात बसूनच टाका. सराफाची नोंदणी, तपासणी केंद्र आणि शुद्धता तर दिसतेच, दागिन्याचा प्रकारही दिसतो. हातात पाटली आणि पडद्यावर कानातलं आलं, तर तिथेच थांबावं. खूण बारीक असते. ती पाहायला दुकानात दहापट मोठं दाखवणारं भिंग ठेवावं लागतं, ते मागून घ्या. 2 ग्रॅमच्या आतले दागिने, आणि कुंदन, पोलकी, जडाऊ यांना या सक्तीतून सूट आहे. म्हणजे छोट्याशा नथीवर हॉलमार्क नसला तर लगेच फसवणूक म्हणू नये. पण तिथे बिलालाच जास्त महत्त्व येतं. बोरमाळेसारख्या लाखेवर सोन्याचा पत्रा चढवलेल्या दागिन्यात तर निव्वळ सोन्याचं वजन वेगळं लिहून घेतल्याशिवाय उठूच नये. हॉलमार्क दागिन्याच्या पक्क्या बिलात प्रत्येक नगाचं वर्णन, निव्वळ वजन, कॅरेट आणि हॉलमार्कची फी वेगवेगळी यावी लागते. बिलाशिवाय 3 टक्के वाचवणारा त्या मास्तरीणबाईंच्या रांगेत उभा असतो.

योजनेबद्दल मला सर्वांत जास्त विचारतात. अकरा हप्ते तुम्ही भरा, बारावा आम्ही घालतो. महिन्याला 5,000 धरले तर 55,000 भरून 60,000 चा दागिना. हप्ते एकेक करून जातात हे लक्षात घेतलं, तर हा परतावा वर्षाला साधारण 18 टक्के पडतो. बँक एवढं देत नाही, म्हणून लोक भुलतात, आणि हिशोब चुकीचाही नाही. फक्त तो दागिना घेतानाचं पान अजून उलटायचं असतं. योजनेच्या पैशांवर दागिनाच घ्यावा लागतो, बऱ्याच ठिकाणी वळं किंवा नाणं चालत नाही. आणि घडणावळ बाहेरच्यापेक्षा 8 टक्के जास्त लागली की पेढीने घातलेले 5,000 जवळजवळ तिथेच परत जातात. योजनेत शिरताना घडणावळीचा दर छापील कार्डावर मागा. आमच्या टेबलावर तो क्वचितच कुणी मागितला.

अकराच हप्ते का, तेही सांगते. 2014 च्या ठेवींच्या नियमांप्रमाणे कंपनीने मालासाठी घेतलेली आगाऊ रक्कम 365 दिवसांत मालात वळली नाही, तर ती ठेव धरली जाते, आणि तशी ठेव घ्यायला सराफ म्हणजे बँक नव्हे. म्हणून “राहू द्या ताई, पुढच्या वर्षीला जोडून टाकू” असं कुणी म्हटलं तर मुळीच राहू देऊ नका. बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विम्याचं छत्र असतं, इथे काहीच नाही. 2019 च्या दिवाळीच्या तोंडावर ठाणे-डोंबिवली भागातल्या एका साखळी पेढीने शटर ओढलं, तेव्हा योजनेत पैसे भरलेली माणसं पासबुकं घेऊन पोलीस ठाण्यासमोर उभी होती. त्यातल्या अनेकांना तिथे नेणारं माणूस ओळखीचंच होतं. आपल्या पेढीवर असं होणार नाही, हे मी त्या आठवड्यात टेबलावरून दिवसभर सांगत होते. सांगायला माझ्याजवळ माझा चेहरा सोडून दुसरा कसलाच पुरावा नव्हता.

शुद्धता कमी निघालीच, तर बीआयएसच्या 2018 च्या नियमांप्रमाणे हॉलमार्क दागिन्यावर तुटीच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीची फी मागता येते. दाद लागली नाही तर 1915 ही ग्राहक हेल्पलाइन आहे, त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. 5 लाखांपर्यंतच्या दाव्याला तिथे फी पडत नाही. तक्रार पेढीच्या नावे लिहावी आणि काउंटरवरच्या मुलीचं नाव त्यात घालू नये. टक्के ती ठरवत नाही.