घरगुती विहिरीच्या पाण्यासाठी प्रेशर टाकीची निवड

मळ्यात वस्ती करून राहणाऱ्या शेतकरी कुटुंबाने विहिरीचे पाणी नळाने स्वयंपाकघरात, न्हाणीघरात व गोठ्यात आणले, म्हणजे घागरी वाहण्याचे घरातील स्त्रियांचे कष्ट वाचतात. या सोयीसाठी काही ठिकाणी पंपाला जोडून प्रेशर टाकी बसविली जाते. परंतु टाकी घेताना तिच्यावर लिहिलेले लिटर व तिची किंमत एवढेच पाहिले, तर ऐन उन्हाळ्यात मोटर जळून घरात पाण्याचे हाल होण्याचा संभव असतो. म्हणून ही टाकी काय करते व ती कोणत्या हिशोबाने निवडावी, हे शेतकरी बंधूंनी व ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

टाकीचे कार्य

प्रेशर टाकी म्हणजे पाणी साठविण्याचा हौद नव्हे. तिचे खरे काम मोटरीला विश्रांती देण्याचे आहे. टाकीत काही भाग हवा व काही भाग पाणी असते. पंप पाणी आत ढकलतो, तशी हवा आकुंचन पावते व दाब वाढतो. ठरलेला दाब येताच प्रेशर स्विच मोटर बंद करतो. पुढे नळ उघडला की दबलेली हवाच पाणी बाहेर लोटते. दाब ठराविक मर्यादेखाली उतरला म्हणजे मोटर पुन्हा सुरू होते.

टाकी नसेल किंवा फार लहान असेल, तर तांब्याभर पाणी घेतले तरी मोटर सुरू होते. थेट सुरू होणारी मोटर सुरुवातीच्या क्षणी नेहमीच्या पाच ते सात पट विद्युत्प्रवाह ओढते. असे वारंवार घडल्यास वाइंडिंग तापते व मोटरीचे आयुष्य घटते.

लिहिलेले लिटर व मिळणारे पाणी

हवेवरील एकूण दाब जितक्या पट वाढतो, तितक्या पट तिचे आकारमान कमी होते. रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञाने १६६२ साली मांडलेला हा नियम येथे लागू पडतो. घड्याळात दिसणाऱ्या दाबात वातावरणाचा सुमारे १ किलो दाब मिळविला म्हणजे एकूण दाब निघतो. (येथे किलो म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवरील किलो.)

समजा, मोटर १.५ किलोवर सुरू व ३ किलोवर बंद होते. रबरी पिशवीच्या १०० लिटर टाकीत आधी १.४ किलो हवा भरलेली आहे, म्हणजे एकूण दाब २.४ किलो. मोटर सुरू होण्याच्या क्षणी हवा ९६ लिटर जागा व्यापते, तर बंद होण्याच्या क्षणी ६० लिटर. म्हणजे १०० लिटरच्या टाकीतून प्रत्येक फेरीत ३६ लिटर पाणी मिळते.

पिशवी नसलेल्या साध्या लोखंडी टाकीत आरंभी केवळ वातावरणाच्या दाबाची हवा असते. त्याच मर्यादांत ही हवा ४० लिटरवरून २५ लिटरवर येते, म्हणजे पाणी मिळते अवघे १५ लिटर. शिवाय ही हवा पाण्यात हळूहळू विरघळत जाते व टाकी पाण्याने भरून निकामी होते. तिच्यात वरचेवर हवा भरावी लागते. म्हणून पिशवीची टाकी महाग असली तरी तीच पत्करणे हिताचे होय.

पंपाला साजेशी टाकी

लहान घरगुती पंप एकदा सुरू झाला म्हणजे निदान एक मिनिट चालावा, असा सर्वसाधारण नियम आहे. पंप मिनिटाला ३० लिटर पाणी देत असेल, तर एका फेरीचे पाणी ३० लिटर हवे. त्यास ०.३६ ने भागल्यास ८३ लिटर येतात, म्हणून १०० लिटरची टाकी घ्यावी. २४ लिटरची टाकी साडेआठ लिटरच पाणी देते. १५ लिटरची बादली भरेपर्यंत मोटर सुरू झाल्याशिवाय राहत नाही.

शेतीचाच मोठा पंप घरासाठी जोडण्याचा मोह टाळावा. तो मिनिटाला २०० लिटर पाणी देत असेल व मोठी मोटर म्हणून दोन मिनिटे चालवायची असेल, तर सुमारे ११०० लिटरची प्रेशर टाकी लागेल. त्यापेक्षा घरासाठी लहान पंप वेगळा बसविणे स्वस्त पडते.

वैशाखातील पातळीचा हिशोब

महाराष्ट्राच्या बऱ्याच भागात काळ्या पाषाणात खोदलेल्या विहिरी आहेत. दिवाळीत तुडुंब दिसणारी विहीर वैशाखात तळ दाखविते. पंपाचा हिशोब नेहमी वैशाखातील पातळीवरून करावा.

१ किलो दाब म्हणजे सुमारे १० मीटर उंचीचे पाणी. दिवाळीत पाणी ५ मीटर खोल, घर विहिरीच्या काठाहून २ मीटर उंच, पाइपातील घर्षण ३ मीटर व मोटर बंद होण्याचा दाब ३ किलो, म्हणजे ३० मीटर, अशी बेरीज ४० मीटर होते. वैशाखात पाणी १२ मीटरवर गेले म्हणजे तीच बेरीज ४७ मीटर होते. जो पंप जास्तीत जास्त ४२ मीटरच चढवू शकतो, तो दिवाळीत व्यवस्थित बंद होईल. वैशाखात मात्र ३ किलोचा दाब कधीच येणार नाही. नळ बंद असूनही मोटर फिरत राहील, पंपातील पाणी तापेल व अखेरीस मोटर जळेल. म्हणून या बेरजेहून बराच अधिक चढाव असलेला पंप निवडावा, अन्यथा दोन्ही दाब कमी ठेवावेत. विहीर आटल्यास मोटर आपोआप बंद करणारे साधनही अवश्य बसवावे.

वीज नसेल तेव्हा

वीज गेल्यावर १०० लिटरच्या टाकीतून जास्तीत जास्त ४० लिटर पाणी निघेल. सहा माणसांच्या कुटुंबास, २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनच्या माणशी ५५ लिटर या प्रमाणाने, रोज ३३० लिटर पाणी लागते. जनावरांचे पाणी त्याहून निराळे. तेव्हा जेथे वीज वेळी-अवेळी जाते, तेथे आधी उंचावरील साठवण टाकी बांधावी. घर एकमजली असून दाब पुरेसा मिळत असेल, तर प्रेशर टाकीवर पैसा खर्च करण्याचे कारण नाही.

बसवणी व निगा

टाकी सावलीत, पक्क्या ओट्यावर व प्रेशर स्विचच्या जवळ बसवावी. पंपाच्या बाजूस नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, तसेच दाबाचे घड्याळ, सेफ्टी व्हॉल्व्ह व पाणी काढून टाकण्याची तोटी असावी. दर सहा महिन्यांनी वीज बंद करून टाकी पूर्ण रिकामी करावी व सायकलप्रमाणे असलेल्या हवेच्या तोंडाशी दाब मोजावा. तो मोटर सुरू होण्याच्या दाबाहून किंचित, सुमारे ०.१ किलोने, कमी असावा. हवेच्या तोंडातून पाणी आल्यास पिशवी फाटली असे समजावे. टाकीमुळे पाणी शुद्ध होत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

खरेदीपूर्वी पाहावयाच्या गोष्टी

१. उन्हाळ्यातील पाण्याची खोली प्रत्यक्ष मोजलेली आहे काय?
२. पंप एका मिनिटात किती पाणी देतो, हे बादली भरून पाहिले आहे काय?
३. दुकानदार सांगतो ते लिटर टाकीचे की एका फेरीत मिळणाऱ्या पाण्याचे?
४. टाकीवर लिहिलेला कमाल दाब मोटर बंद होण्याच्या दाबाहून पुरेसा अधिक आहे काय?
५. वीज नसताना एका दिवसाचे पाणी कोठून मिळणार?

या पाच प्रश्नांची उत्तरे कागदावर मांडून मगच शेतकऱ्याने दुकानाची पायरी चढावी. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा हिशोब निदान एका वस्तीवर स्वतः करून दाखविल्यास शेजारच्या शेतकऱ्यांनाही त्याचा लाभ होईल.